डावरी गाठ

बरवा अल बराहा, दोहा
शुक्रवार, १२ सप्टेंबर २०२५

बिलकिस आपा,

सलाम. तुझी तब्येत चांगली आहे हे कालच कळलं, फोनवर अर्धा तास ओरडलीस तेव्हा. अब्बांनाही सलाम सांग. मी बरा आहे. इकडे गरमी अजून हटत नाही.

आणि नेट गेलं नव्हतं. फोन मीच कट केला. कारण तू परत तेच करतेस. त्या होमस्टेवाल्याची पुण्या-मुंबईची माणसं अजून आपल्या अंगणात येतात, अब्बा मासे धरायचा पाग विणत असतात आणि ते मोबाईल त्यांच्या तोंडासमोर धरतात. तू माणशी शंभर रुपये घेतेस आणि वर मला सांगतेस, "चहा पण देते मी." आपा, तो आपला बाप आहे. जत्रेतला खेळ नाय. एप्रिलला पण मी हेच बोललो, जूनला पण. तर तू काल काय म्हणालीस? "तुला त्या लोकांची लाज वाटत नाय शहजाद, तुला अब्बांची वाटते."

हे लागलं. म्हणून कट केला.

माझ्या रूमवरचा मुदस्सिर मंगळवारी सुट्टीवर येतोय, त्याच्या हाती हे पत्र देतोय. फोनवर सांगितलं असतं, पण तू स्पीकर लावतेस आणि अब्बा शेजारीच बसलेले असतात. हे आधी एकटीने वाच. माझी शाळा सातवीपर्यंतची, अक्षर तुला माहीत आहे. हसायचं तर हस.

कामाचं म्हणशील तर चालू आहे. ही तिसरी कंपनी, आणि ही मी सोडलेली नाही, म्हणजे तुला वाटतं तसा मी अगदीच उडाणटप्पू नाय. सकाळी साडेचारला बस येते, मग अल दुहैलच्या बंगल्यांत एसी साफ करत फिरायचं. लोकांच्या बेडरूममध्ये शिडी लावून चढतो आणि ते माझ्याकडे बघतही नाहीत. एक बाई तर मी वर असताना खाली व्हिडिओ कॉलवर नवऱ्याशी भांडत होती. मी म्हणजे पंखा.

आमच्या ऑफिसात ॲलन म्हणून एक आहे, वसईचा. हजेरी, तिकीट, रजा सगळं त्याच्याकडे. मराठी बोलतो म्हणून माझं त्याच्याशी जमलं. तो एप्रिलमध्ये व्हिएतनामला फिरायला गेला होता. तिथं त्याने एक दिवसाची गाईडवाली ट्रिप घेतली, हाताने वस्तू बनवणाऱ्या गावांची. त्याने सांगितलं की तिकडेसुद्धा आपल्यासारखंच, म्हातारी माणसं काम करत बसतात आणि पाहुणे बघतात, पण तिकडची पद्धत वेगळी आहे. तेच तुला लिहावं म्हटलं. त्याने सांगितलं की एका गावात

खलास. वरच्या चार ओळी खोडणार होतो, पण राहू देतो. ॲलनने काही सांगितलं नाही आपा. ॲलनबरोबर मी होतो.

हो, एप्रिलमध्येच. अब्बांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं तेव्हा. कंपनीने रजा दिली नाही असं मी तुला सांगितलं ना, ते खोटं होतं. पंधरा दिवसांची रजा मंजूर होती, सही माझ्यासमोर ॲलननेच आणून दिली. ऑपरेशनला बाजूला ठेवलेले पैसे पण होते. ॲलनच्या मित्राने ऐन वेळी नाही म्हटलं, बुकिंग दोघांचं होतं. ॲलन म्हणाला, "यल्ला, तू चल. वडलांना काय, एक्सपोर्टचा धंदा आहे, पैशाला कमी नाही तुला." मी त्याला तसंच सांगून ठेवलं होतं. माझे वडील मासळी एक्सपोर्ट करतात.

का गेलो हे मी पाच महिने स्वतःला विचारतोय. गावी आलो असतो तर जो तो विचारणार होता, किती जमवलं, घर कधी बांधतोस. आणि तू मला अंगणात अब्बांच्या शेजारी बसवणार होतीस, त्या मोबाईलवाल्यांसमोर. मला वाटलं, एकदा तरी आपण बघणारे होऊ. दर वेळी दुसऱ्यांनी आपल्यालाच का बघायचं?

सहा दिवसांची ट्रिप होती. शेवटच्या दिवशी गावं. मिनी बसमध्ये आम्ही नऊ जण, गाईड एक मुलगी, लान नाव तिचं, टोपी घालून मागं उभी राहून बोलायची. पहिल्या गावात अगरबत्त्या बनवतात. काड्यांचे जुडगे लाल रंगात बुडवून अंगणात उलगडून वाळत ठेवलेले, एवढाली फुलं उमलल्यासारखे. मधे उभं राहून फोटो काढायचे पैसे. मी अकरा फोटो काढले. दुसऱ्या गावात बायका पानांच्या टोकदार टोप्या शिवत होत्या. एका बाईच्या चेहऱ्याजवळ मी मोबाईल नेला तर तिने मान खाली घातली, तरी मी काढला. तेव्हा तू आठवली नाहीस मला. कोणीच आठवलं नाही. मजा वाटत होती, खरं सांगतो.

तिसऱ्या गावात बांबूचे मासे पकडायचे सापळे विणतात. नाव मला लिहिता येणार नाही. एका म्हाताऱ्याच्या अंगणात नेलं. सगळीकडे सापळे टांगलेले आणि मधे, आपा, दोरीवर एक पाग. आपला पाग. तसाच गोल, खाली शिशाचे मणी. मला वाटलं आपल्या पडवीतून कोणी उचलून आणून ठेवलाय.

तिथली पद्धत अशी. आत आल्यावर आधी एका वहीत नाव लिहायचं. मग सगळ्यांनी खाली चटईवर बसून चहा घ्यायचा. म्हातारा वर, लाकडी बाकावर. तो "हो" म्हणेपर्यंत फोटो नाही. लानने बसमध्येच दोनदा बजावलं होतं, "घर त्यांचं आहे." मग तो दाखवणार आणि पाहुण्यांनी करून बघायचं. कोणाला जमत नाही, सगळे हसतात, तो पण हसतो.

त्या दिवशी त्याने जाळ्याची गाठ शिकवायला घेतली. एका बाईच्या बोटाला सूत गुंडाळलं गेलं. ॲलनने गाठ मारली ती ओढल्यावर सुटली. म्हातारा पोट धरून हसला. मग जाळं विणायची सुई माझ्याकडे आली.

मी ठरवलं होतं, आपण पण चुकायचं. देवाशपथ ठरवलं होतं. पण हातात सुई आली आणि मापाच्या पट्टीवर सुताचा पहिला फेरा पडला, मग मला कळलंच नाही. पंधरा गाठी झाल्या होत्या तेव्हा अंगणात सगळे माझ्या हातांकडे बघतायत हे लक्षात आलं. सात वर्षं झाली असतील मी सुई धरून. हात विसरलेच नव्हते.

म्हातारा बाकावरून उठून खाली माझ्याजवळ येऊन बसला. गाठींवरून अंगठा फिरवला, काहीतरी बोलला. लान म्हणाली, "आजोबा विचारतात, तुला कोणी शिकवलं?"

ॲलन समोर होता. मी म्हटलं, "कोणी नाही. यूट्यूबवर बघितलं."

लानने ते त्यांना सांगितलं. म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं, चिडून नाही, असं, नीट. मग वही उघडून माझं नाव दाखवलं. माझा उजवा हात धरून लिहिल्यासारखं केलं. मग डावा हात धरला, ज्यात सुई होती. बराच वेळ बोलला. लानने सगळं सांगितलं नसेल, पण एवढं सांगितलं, "आजोबा म्हणतात, नाव तू उजव्या हाताने लिहिलंस. चहाही उजव्या हाताने प्यायलास. पण सुई डाव्या हातात धरतोस आणि गाठ उलटी पडते. असं मोबाईलवर बघून होत नाही. ज्याने शिकवलं तो डावखुरा आहे आणि त्याने तुला मांडीत घेऊन शिकवलंय."

मांडीत. आपा, तुला आठवतं? मी पाच वर्षांचा असेन. अब्बा मला पायांत बसवून मागून माझा डावा हात धरायचे आणि अम्मी ओरडायची, "अहो, पोराला पण डावरा करताय काय." अब्बा म्हणायचे, "खाईल उजव्याने, विणेल डाव्याने, काय बिघडतं?"

म्हाताऱ्याने अजून एक विचारलं. लान म्हणाली, "ते आहेत का अजून?"

मी मान हलवली. हो अशी पण नाही, नाही अशी पण नाही. मधलीच. जिवंत बापाचं असलं उत्तर दिलं मी. तेवढ्यात ड्रायव्हरने हॉर्न दिला आणि मला त्याचा आधार वाटला.

निघताना मी एक छोटा सापळा घेतला. तो दीड लाख म्हणाला. लाख ऐकून घाबरू नको, त्यांच्या लाखाचे आपले सव्वातीनशे. तरी मी घासाघीस केली आणि ऐंशी हजारांवर आणलं. ॲलन म्हणाला, "अरे सोड ना, म्हातारा माणूस आहे." म्हाताऱ्याने ते पण घेतले नाहीत. कात्रीने माझ्या पंधरा गाठींचा तुकडा कापला, सापळ्यात घातला आणि माझ्या हातात दिला.

बसमध्ये ॲलन म्हणाला, "शहजाद, एक्सपोर्टवाले वडील जाळी विणतात काय रे?" चेष्टा नव्हती त्यात. मी म्हटलं, "विणतात. फक्त विणतातच." तो म्हणाला, "मग त्यांच्या ऑपरेशनचं काय झालं, ज्यासाठी रजा टाकली होतीस?" रजेच्या फॉर्मवर कारण मीच लिहिलं होतं ना. वडिलांचा डोळा.

मला अब्बांची लाज वाटते असं तू काल म्हणालीस, ते खरं आहे. आणि हे पण ऐक, म्हणजे सगळंच झालं. होमस्टेवाल्याने टाकलेला अब्बांचा व्हिडिओ मार्चमध्ये आमच्या रूमवर फिरला. एकाने विचारलं, "तुझ्या गावचा दिसतोय, कोण रे हा?" मी म्हटलं, "असेल कोणीतरी." मुदस्सिर तिथंच भाजी चिरत होता. त्याला माहीत होतं. तो काही बोलला नाही, अजूनपर्यंत बोललेला नाही. तुझ्यावर मी एप्रिलपासून ओरडतोय ना, अब्बांची इज्जत, अब्बांची इज्जत म्हणून. ती माझी होती.

तू परवा सांगितलंस की अब्बा आता सुईत सूत पण तुझ्याकडून भरून घेतात, आणि डॉक्टरने विचारलं की म्हणतात, "शहजाद येऊ दे, मग झोपतो टेबलावर." पाच महिने माझ्यासाठी थांबलेत. मी रजा भोगून आलोय हे त्यांना माहीत नाही. त्यांना सांगायचं की नाही ते तू ठरव. मी म्हणेन, तू सांगू नको. मुदस्सिरजवळ तो सापळा आहे, त्यात गाठींचा तुकडा आहे. तो अब्बांच्या हातात दे आणि काही बोलू नको. डोळे गेले तरी बोटं आहेत त्यांची. कोणाच्या गाठी ते त्यांना कळेल. मग विचारलं, कुठे विणलं, तर हे पत्र वाचून दाखव. शिव्या घातल्या तर मला फोनवर ऐकव, या वेळी कट करणार नाही.

पाहुण्यांना येऊ दे. मी आता काही बोलणार नाही. फक्त अब्बांना ती पडवीतली मोठी खुर्ची दे आणि पाहुण्यांना खाली चटईवर बसव. फोटोसाठी आधी विचारायला सांग. आणि शंभर कमी आहेत.

नोव्हेंबरच्या सात तारखेला येतोय. इन्शाल्ला नाही लिहीत, तुला वाटेल पळवाट ठेवली. तिकीट काढलंय, ॲलनने स्वतः काढून दिलं. आता तरी अब्बांना सांग, डॉक्टरकडून तारीख घ्या. माझ्यासाठी दार उघडायचं की नाही ते तुझ्यावर. अंगणात बसवलंस तरी बसेन, त्यांच्या डाव्या बाजूला.

ऑपरेशनचे जे पैसे होते ते मी उडवले, हे पुन्हा जमवलेत. दोन्ही डोळ्यांचे नाही जमले. एकाचेच आहेत. आधी कुठला, ते अब्बांना विचार.

तुझा,
शहजाद

मुदस्सिरच्या हाती, मोजून घे: रुपये सत्तावीस हजार पाचशे.