बेचाळिसावा अभिप्राय

बोरिवली (प.)
रविवार, १२ जानेवारी २०२५

ती. मथुराआत्यास,
श्रुतिकाचा शि. सा. न. वि. वि.

मागच्या पत्रातली एक चूक आधी दुरुस्त करते. बाबांच्या पुस्तकावर एकेचाळीस अभिप्राय आले आणि त्यांत एकही वाईट नाही, असं मी लिहिलं होतं. अभिप्राय बेचाळीस आहेत. मोजताना चूक झाली नव्हती. एक कार्ड मी बाजूला ठेवलं होतं.

बाबांच्या वर्षश्राद्धाला, तिथीने यंदा १६ फेब्रुवारीला, 'वागणुकीचे अकरा लेख' पुन्हा छापून वाटायचं आणि शेवटी वाचकांची मतं जोडायची, हे तूच सुचवलंस. म्हणून मी कार्डांचा डबा काढला. प्रत्येक प्रतीत बाबांनी आपला पत्ता लिहिलेलं पोस्टकार्ड घातलं होतं, त्याचा उपयोग लोकांनी बऱ्याच प्रकारे केला आहे. चौथ्या मजल्यावरच्या निधीताईंनी वक्तशीरपणाचा लेख नवऱ्याला तीनदा वाचून दाखवला, फरक पडला नाही. जिमवाल्या विकीने लिहिलंय, काका, एकदम झकास, अजून वाचलं नाही. एकाने पार्किंगच्या भांडणात आपली बाजू मांडली आहे. प्रेसवाले हर्षद म्हणतात, मतांची सात पानं होतात, आठवं कोरं राहतं, तिथे फूल टाकू की दिवा. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

बेचाळिसावं कार्ड गुणाजींचं आहे. सातव्या लेखातला, 'क्षमा'मधला, 'कामगार ग.' म्हणजे तेच. बाबांनी लिहिलंय की चारकोपच्या कारखान्यात ते सुपरवायझर असताना ग.ने पत्र्याची झाकणं कापणाऱ्या मशीनची संरक्षक जाळी आपल्या मनानेच काढली. त्यात दोन बोटं गेली. त्याने चूक लेखी कबूल केली आणि बाबांनी त्याला मनापासून क्षमा केली. कार्डावरचा मजकूर जसाच्या तसा उतरवते.

'लेख सातवा खरा नाही. जाळी साहेबांनीच काढायला लावली, माल लवकर निघावा म्हणून. कागदावर काय लिहिलंय ते मला वाचून दाखवलं नाही, वाचायला वेळही दिला नाही. उजव्या हाताला बँडेज होतं म्हणून सहीऐवजी डावा अंगठा घेतला. मग नोकरी गेली. कागदावरचं अक्षर मात्र सुंदर होतं. बाकीचे दहा लेख चांगले आहेत. – गुणाजी.'

हे छापायचं की नाही, मला ठरवता येत नाही. तू सांगशील तसं करीन. माझं ठीक आहे. जेवण वगैरे होतं.

हे वाचूनही लोभ होता तेवढाच ठेव.

तुझी,
श्रुतिका


चेंबूर
सोमवार, २० जानेवारी २०२५

चि. श्रुतिकास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. कान गेल्यापासून फोन माझ्या काही कामाचा नाही, तुझी पत्रं हाच माझा फोन. पण जेवण वगैरे होतं म्हणजे काय गो? वगैरे कोण जेवतं? काय जेवलीस ते लिहीत जा. भाजीचं नाव घालून.

आता त्या कार्डाचं. श्राद्धाला लोक वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं जेवायला येतील. जेवून निघताना हातात पुस्तक पडेल, घरी जाऊन चाळतील. त्यात मेलेल्या माणसाला त्याच्याच मुलीने खोटं ठरवलेलं त्यांनी वाचावं, असं तुला वाटतं का? पंधरा-सोळा वर्षं हा गुणाजी कुठे होता?

आणि तुझ्यासारख्या हुशार मुलीच्या एक गोष्ट कशी लक्षात आली नाही? तो म्हणतो, अक्षर सुंदर होतं. चंदूचं अक्षर, सुंदर! शाळेत मास्तरांनी त्याची वही एकदा उलटी धरून तपासली होती. त्याच्या लग्नाच्या पत्रिकांवर पत्ते मी घातले, कारण त्याने घातलेलं पहिलंच पाकीट पोस्टाने परत पाठवलं. तेव्हा तो कागद चंदूने लिहिलेला नाही, हे मी कुठेही सांगेन. कुणा दुसऱ्याचं काम, आणि नाव माझ्या भावाचं.

कार्ड बाजूला होतं तिथेच राहू दे. आठव्या पानावर दिवा टाक. फूल बरं नाही दिसत.

आहेस तशी राहा आणि दोन वेळा जेव.

तुझी आत्या


बोरिवली (प.)
सोमवार, २७ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

काल दुधीची भाजी, आज मुगाची आमटी. दोन्ही वेळा जेवले.

तुझं म्हणणं बरोबर निघालं. तो कागद बाबांनी लिहिला नाही. मी लिहिला.

तुझं पत्र वाचून झाल्यावर मी स्टूल घेऊन माळ्यावर चढले. आई गेल्यावर दोन वर्षं बाबांनी मला शाळेत न घालता घरीच शिकवलं, तेव्हापासूनच्या माझ्या वह्या त्यांनी बांधून ठेवल्या आहेत. शाळेत जायला लागले तरी संध्याकाळी एक पान सुवाच्य लिहायचं, हे पुढेही चालू राहिलं. मे २००९ची वही सापडली. मी दहा वर्षांची होते. त्यात दोन पानांवर एकच मजकूर आहे. 'मशीनची जाळी मी स्वतः, कोणीही न सांगता काढली. झालेल्या इजेस मीच जबाबदार आहे.' पहिल्या पानावर शाईचा डाग पडलाय. दुसऱ्याखाली बाबांच्या लाल पेन्सिलीने लिहिलंय, 'छान. आणखी एकदा.' तिसऱ्यांदा त्यांनी सुटा कागद दिला होता, तो वहीत नाही.

मला ती संध्याकाळ आठवते. कुठली जाळी, असं मी विचारलं होतं. बाबा म्हणाले होते, ओळीकडे लक्ष दे. पूर्ण झाल्यावर त्यांनी मला शाईचं पेन दिलं. ते मी बारावीपर्यंत वापरलं.

आणखी एक. ते कार्ड बाबा गेल्यावर आलं, असं मी कुठे लिहिलं नाही, पण तुझा तसा समज होऊ दिला. ते गेल्या वर्षी १७ फेब्रुवारीला आलं. बाबा घरीच अंथरुणावर होते. रोज दुपारी विचारायचे, कार्ड आलं का. बाकीची मी वाचून दाखवायची. हे खाली टपालाच्या पेटीपाशी उभी राहून वाचलं आणि भाजीच्या पिशवीत घालून वर आणलं. त्या दिवशी त्यांना सांगितलं, काही आलं नाही. त्यानंतरही ते गेले त्या दिवसापर्यंत रोज तेच सांगितलं. त्यांना त्रास नको म्हणून, असं मी स्वतःला सांगत होते.

रडू येत नाही. परवा दूध गॅसवर ठेवलं, समोर उभी राहिले, ते उतू गेलं ते बघत राहिले. मग ओटा पुसला.

तू रागावलीस तर तसं कळव, पण पत्र बंद करू नकोस.

तुझी,
श्रुतिका


चेंबूर
सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

चि. श्रुतिकास,
आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यावर मी दोन दिवस ते देवाच्या फोटोमागे ठेवलं होतं. आज लिहायला बसले.

मला जाळीचं माहीत होतं. तुला मागचं पत्र लिहिलं तेव्हाही माहीत होतं. अंथरूण धरायच्या आधी, गेल्या वर्षीच्या जानेवारीत, चंदू इथे आला होता. चारकोपला एका सोसायटीच्या गेटवर गुणाजी वॉचमन आहे, हे त्याला कुणाकडून तरी कळलं होतं. तिथे जाऊन स्वतः पुस्तक देऊन आला होता. गुणाजीने ते डाव्या हाताने घेतलं, एवढंच दोनदा सांगितलं. मग जाळीचं सांगितलं. मी भडकले. म्हटलं, अरे गाढवा, त्यात तू त्याच्याबद्दल काय लिहिलंयस ते तो वाचेल ना! चंदू म्हणाला, म्हणूनच त्यात कार्ड घातलंय.

तो कार्डाची वाट बघत होता ते हेच कार्ड. हे तुला सांगू नये असं वाटत होतं. पण आता तू मला इतकं सगळं लिहिल्यावर मी गप्प बसणं बरं नाही.

तो तोंडाने सांगायला गेला नाही, पुस्तक देऊन आला. तसलाच होता. मी त्याला वाचवायला अक्षराचं लिहिलं आणि ते तुझ्यावर येऊन पडलं. ते पेन कुठून आलं, हे मी तेव्हाही विचारलं नव्हतं. तू दहा वर्षांची होतीस गो, बाये. तेवढं मात्र विसरू नकोस.

छापावं का, असं विचारशील तर माझं मन अजून नाही म्हणतं. तो माझा भाऊ होता. म्हणून मला विचारू नकोस. श्राद्धाचं सांबारं मीच करणार, १५ तारखेला येते. त्या पुस्तकात काहीही असलं तरी मी ते वाटायला उभी राहीन.

माया आहे, ती तुला विचारून कमी होणार नाही.

तुझी आत्या


बोरिवली (प.)
शुक्रवार, ७ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तीन वेळा वाचलं. आज वाल केले होते, जास्त झाले, निधीताईंकडे दिले.

तुला विचारत नाही, फक्त कळवते. मी गुणाजींकडे जाणार आहे. वही बरोबर नेणार, दोन्ही पानं दाखवणार. कार्ड कुणी लपवलं तेही सांगणार आणि बाबा त्याची वाट बघत होते तेही. माफ करा म्हणणार नाही. सातवा लेख वाचल्यावर तो शब्द त्यांच्यापुढे मला उच्चारता येणार नाही.

त्यांना आज जे सांगायचं असेल ते त्यांच्यासमोर लिहून घेईन आणि अंगठा किंवा सही मागण्याआधी दोनदा मोठ्याने वाचून दाखवीन. ते आठव्या पानावर जाईल. खाली माझी एक ओळ असेल, की सातव्या लेखात ज्या कबुलीचा उल्लेख आहे तो कागद माझ्या अक्षरात होता. सातवा लेख काढणार नाही. तो काढला तर आठवं पान कशाबद्दल आहे ते कुणाला कळणार नाही. गुणाजींनी छापू नको म्हटलं, तर फक्त माझी ओळ जाईल. हर्षदना सांगून ठेवलंय, फूल नको, दिवाही नको. त्यांना मजकूर बुधवारी सकाळी हवा आहे.

तू १५ला ये. काळे वाटाणे मी आणून ठेवते, भिजवायचं तू बघ.

जसा असेल तसा लोभ राहू दे.

तुझी,
श्रुतिका

ता. क. काल चारकोपला सोसायट्यांतून विचारत विचारत त्या गेटपर्यंत जाऊन आले. गुणाजी आत कुणाची तरी गाडी लावून घेत होते, उजव्या हातावरून ओळखले, पण मी हाक मारली नाही. दुसऱ्या वॉचमनला विचारलं. त्यांची सुट्टी मंगळवारी असते, सकाळी घरीच असतात. त्यांच्या खोलीचा पत्ता लिहून घेतला आणि ऑफिसात रजा टाकली. मंगळवार, ११ फेब्रुवारी.