यंदाच्या प्रमुख वक्त्यांस

हॉस्टेल,
सोमवार, १७ मे

प्रिय मावशी,

सप्रेम नमस्कार. मी बरी आहे. तुझा गुडघा काय म्हणतो? आई उद्या तुझ्याकडे येते आहे, तिच्या हाती हे पाठवते. पाकीट तिच्यासमोर फोडू नकोस. तुझ्या चेहऱ्यावरून ती सगळं वाचेल.

आधी जे घडलं ते क्रमाने. मतं मागून.

१. चार तारखेला आमच्या वर्कशॉपमधल्या प्रेसखाली माझ्या खोलीतल्या मैत्रिणीच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली.
२. सहा तारखेला कॉलेजने तुझ्या यंत्र-तपासणीच्या ऑफिसला कळवलं, की चूक विद्यार्थिनीची होती.
३. आठ तारखेला पदवीदान समारंभाचा वक्ता बदलला. आम्ही मत देऊन निवडलेला व्यंगचित्रकार गेला आणि तू आलीस.
४. दहा तारखेला तू होकार कळवलास.
५. तुझ्या ऑफिसातून तपासणीला अजून कोणीही आलेलं नाही.

यातलं एकही वाक्य खोडता येत असेल तर खोड. मला आनंदच होईल.

प्रेसबद्दल तुला मी काय सांगणार! पण माझ्या तोंडून ऐक. दोन बटणं दोन हातांनी एकदम दाबली तरच ती खाली येते. दोन्ही हात बटणांवर, म्हणजे दोन्ही हात साच्याबाहेर. समारंभासाठी कॉलेजला पाहुण्यांचे बिल्ले ठोकून हवे होते, आणि लवकर हवे होते. म्हणून डावं बटण चिकटपट्टीने गच्च दाबून ठेवलं. मग उजव्या हाताने प्रेस चालवायची आणि मोकळ्या डाव्या हाताने पत्रा सरकवायचा. काम झपझप होतं. मशीन जुनं आहे, आपल्याला फसवलं जातंय हे त्याला कळत नाही.

अपघातानंतर वीज मी बंद केली, त्यामुळे ती पट्टी मी अगदी जवळून पाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी नव्हती. बटणाच्या कडेला गोंदाचा चिकट डाग मात्र होता. तो अजून आहे. मी वर्कशॉपच्या सरांना विचारलं. आम्ही त्यांना पानासर म्हणतो, कारण त्यांच्या खिशात कायम एक पाना असतो.

"पट्टी? कसली पट्टी?" ते म्हणाले. "घाबरलेल्या माणसाला काय वाट्टेल ते दिसतं."

"मी घाबरले नव्हते, सर."

"मग घाबरायला शीक. निकाल अजून लागायचाय."

ज्या बिल्ल्यांसाठी हे झालं, त्यातलाच एक समारंभात तुझ्या कोटाला लावतील.

वक्त्यांच्या निवडीबद्दल आमच्या कँटीनमध्ये एक जुना सिद्धांत आहे. कॉलेज कोणाला बोलावतं यावरून कॉलेजचं घोडं कुठे अडलंय ते कळतं. हॉस्टेलला पाण्याची जोडणी मिळत नव्हती, त्या वर्षी पाणीखात्याचे साहेब 'जीवनाचा प्रवाह' या विषयावर तासभर बोलले. नवीन इमारतीचं कर्ज लटकलं होतं, तेव्हा बँकेचे मोठे साहेब आले. तेही तासभर. पाणी आलं, इमारतही झाली. त्या भाषणांतलं एक वाक्य कोणाला आठवत असेल तर शपथ! मुलांना वाईट याचं वाटत नाही की वक्ते कंटाळवाणे असतात. वाईट याचं वाटतं, की तो दिवस आमचा म्हणायचा आणि त्यात काम दुसऱ्याचंच उरकून घ्यायचं. म्हणून यंदा आम्ही भांडून मतदान मिळवलं. व्यंगचित्रकार भरघोस मतांनी निवडून आला. प्राचार्य तेव्हाच पुटपुटले होते, "तो काय बोलेल याचा भरवसा नाही." आम्हाला तो त्याचसाठी हवा होता.

तुझं नाव फळ्यावर लागलं तेव्हा माझ्या मागे कोणीतरी विचारलं, "यंदा काय अडलंय रे?"

दुसरा म्हणाला, "यंदा दोन बोटं."

तू माझी मावशी आहेस हे त्यांना माहीत नव्हतं. आता आहे. माझ्या टेबलावर हल्ली कोणी बसत नाही.

प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. चहा मागवला. माझ्यासाठी चहा, हे चार वर्षांत प्रथमच. "बाळ, तुझी मावशी म्हणजे आपल्या घरचंच माणूस," म्हणाले. "त्यांचा परिचय तूच करून दे. काय रंगेल बघ! याच कॉलेजातून दुसऱ्या वर्षाला शिक्षण सोडावं लागलेली मुलगी आज प्रमुख वक्ता! डिग्रीसुद्धा बिचारीला पोस्टाने आली. तो काळा झगा अंगावर चढला नाही तो नाहीच. आपण चढवू."

मी चहा प्यायले नाही. हिशेब जुळेना.

तू कॉलेज का सोडलंस, आजोबा आजारी पडल्यावर नोकरी कशी धरलीस, दिवसा काम करून बाहेरून परीक्षा कशी दिलीस, आणि डिग्रीचं पाकीट घेताना पोस्टमनसमोर केलेली सही हाच कसा तुझा समारंभ झाला, हे घरात फक्त तिघींना माहीत आहे. मी कॉलेजात कोणापाशी बोललेले नाही. आईलाही आडून आडून विचारलं. ती नाही म्हणाली, आणि आईला खोटं बोलता येत नाही. राहिलीस तू.

म्हणजे तूच त्यांना सांगितलंस. निमंत्रण आल्यावर, आभार मानताना सांगितलं असशील तर माझी काहीच हरकत नाही. आनंदात माणूस बोलून जातो. पण आधी सांगितलं असशील, तर निमंत्रण येण्याआधी तुमचं बोलणं चालू होतं. आणि निमंत्रणाच्या आधी तुझ्या टेबलावर आमच्या कॉलेजचा एकच विषय होता, हा अपघात.

हे मला लिहायचं नव्हतं. पहिल्या पानावर मी प्राचार्य, पानासर, पाणीखातं, सगळ्यांवर संशय घेतला. ते सोपं होतं.

आई सांगत होती, तू भाषणासाठी चष्म्याला नवीन फ्रेम करून घेतलीस आणि आरशासमोर उभी राहून वाचतेस. मला ते डोळ्यांसमोर आलं. मावशी, तुला तो झगा मिळावा असं माझ्याइतकं कोणालाच वाटत नसेल. त्यांनी गळाला नेमकं काय लावायचं ते बरोबर हेरलं.

आता मैत्रिणीबद्दल. तिला आम्ही बडबडी म्हणतो. परवा ती हॉस्पिटलमधून परत आली. मला म्हणाली, "तुझ्या मावशीच्या भाषणाला टाळ्या वाजवीन हं मी. जरा बदसूर येतील, सांभाळून घ्या म्हणावं." मग ती भिंतीकडे तोंड करून झोपली. कॉलेजच्या अहवालात 'विद्यार्थिनीचा निष्काळजीपणा' असं लिहिलंय. तुझ्या ऑफिसने त्यावर सही केली की तिला प्रात्यक्षिकात शून्य मिळणार आणि पदवी मिळणार नाही. एकोणतीस तारखेला मी व्यासपीठावर चढेन, तू भाषण करशील आणि ती खोलीत असेल. चूक बटणावर पट्टी लावणाऱ्याची, आणि शिक्षा तिला.

शुक्रवारी सकाळपासून वर्कशॉपला रंग द्यायला सुरुवात होणार आहे, मशीनसुद्धा घासूनपुसून रंगवणार आहेत. समारंभासाठी, असं म्हणतात. रंग लागला की डाग गेला. मग माझा शब्द आणि पानासरांचा शब्द, एवढंच उरेल.

मी लेखी जबाब तयार ठेवला आहे, खाली माझी सही आहे. नोकरीसाठी कॉलेजचं शिफारसपत्र मला अजून मिळालेलं नाही, आणि हा जबाब गेल्यावर ते मिळणारही नाही, हे मला समजतं. तू तपासणीला येणार असशील तर जबाब तुझ्या हातात देईन. तू येणार नसशील तर गुरुवारी रात्रीच तो तुझ्या वरच्या ऑफिसला पाठवीन. त्यात वक्ता कधी बदलला आणि होकार कधी आला, या दोन्ही तारखा आहेत. तुला अंधारात ठेवून हे करायचं नव्हतं, म्हणून हे पत्र.

तपासणी आणि भाषण, दोन्ही होणार नाही, मावशी. ज्या मशीनची तपासणी करायची त्याच्या मालकाकडे पाहुणी म्हणून जायचं नाही, चहासुद्धा घ्यायचा नाही, असं तू मला लहानपणापासून ऐकवत आली आहेस. मला वाटायचं हा ऑफिसचा नियम आहे. नंतर चौकशी केली. असा काही नियम नाही. तो तुझा स्वतःचा होता.

मला दोनच गोष्टी कळव. ती पोस्टाच्या डिग्रीची गोष्ट तू त्यांना कधी सांगितलीस, आणि शुक्रवारच्या आत तू वर्कशॉपमध्ये येते आहेस की नाही.

फोन करू नकोस. तू "अगं, ऐक तरी" म्हटलंस की माझं अर्धं म्हणणं तिथेच विरघळतं.

गुरुवार, वीस तारखेच्या संध्याकाळपर्यंत लेखी उत्तर पाठव.

अजूनही तुझीच,
भाची