चौथी ओळ

श्री. मधुकरराव भाऊजी, मुक्काम कळमेश्वर, यांस गणपतचा, म्हणजे तुमच्या एकुलत्या एका साळ्याचा, वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा जेवढा वाकलो तेवढा गोड मानून घ्या.) तुमची शुगर काय म्हणते? शोभाताईचे गुडघे कसे आहेत? इकडे आपल्या महाल भागात सर्व ठीक. पेटीदुरुस्तीचं दुकान सकाळी उघडतो, बसतो, बंद करतो.

पत्रास कारण, शाळेची पत्रिका. येत्या रविवारी तुमचा सत्कार आहे म्हणे, "शालेय प्रार्थनेचे संगीतकार" म्हणून! वाचून चहाचा ठसकाच लागला. भाऊजी, सत्त्याऐंशी साली तुम्ही कंपनीतल्या साहेबाकडून तो जुना कॉम्प्युटर आणला, टीव्हीला जोडायचा, कॅसेटवर चालणारा. त्यात गाणं रचायचा प्रोग्रॅम होता, पण तुम्हाला सा कुठे अन् प कुठे याचा पत्ता नाही, म्हणून मला पेटीसकट दुकानातून उचलून नेलं. शाळेच्या हेडमास्तरांनी लिहिलेल्या प्रार्थनेच्या चार ओळींना चाल लावली मी. मी पेटीवर एकेक सूर वाजवायचो, तुम्ही एका बोटाने बटण शोधायचे. (चार सुरांमागे एक चहा, हा तुमचा हिशेब होता. ताईला विचारा.) मींड नाही, लोच नाही, डब्यातून नुसती टीं टीं. तीन ओळी भरल्या आणि डब्याने कळवलं, जागा संपली! चौथी ओळ मी पेटीवर गाऊन दाखवली, तुमचे डोळे पाणावले, आणि वरून तुम्हीच म्हणाले, "राहू दे गा गणपत, तीनच देऊ. कोणाले समजते?"

त्या टीं टींची टेप करून तुम्ही शाळेला दिली. वर नाव तुमचं. काहून? तर डबा तुमचा! म्हणजे ज्याची शेगडी त्याचाच स्वयंपाक? पण मी तोंड उघडलं नाही. जवायाले उलटून बोलायचं नसते, असं आईने बजावलं होतं. (आई गेली. तुम्ही अजून जवाईच आहात.)

तेव्हापासून पोरं तीन ओळी गातात आणि चौथीला हात जोडून चूप उभी राहतात. तुम्ही भाषणात सांगितलं ना, शेवटची ओळ देवाशी मौनातच बोलावी! मौन कशाचं हो? मेमरी संपली होती! परवा माझी नात उन्नती, त्याच शाळेत जाते ती, घरात तीच प्रार्थना म्हणून राहिली होती. मी म्हटलं, पुढेही चाल आहे बाई. तर मलाच म्हणते, "आबा, चूप! ती मनात म्हणायची असते." माझ्याच चालीत मलाच चूप! फार लागलं, भाऊजी. जन्मभर लोकांच्या पेट्यांचे भाते चिकटवले, स्वतःची म्हणावी अशी ही एकच चाल माझ्या हातून झाली.

तडक शाळेत गेलो. मुख्याध्यापिका वंदना मॅडमने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चाल तुमची आहे ना, मग रविवारी स्टेजवर चौथी ओळ गाऊन दाखवा. पत्रिकेतलं नाव मी स्वतः बदलवते." मी छाती ठोकून हो म्हणून आलो. आता शाल कोणाच्या खांद्यावर पडते ते पाहाच. नाही आले तरी माझी हरकत नाही.

ताईला नमस्कार. तुम्हाला वर केला तेवढा पुरे.

तुमचा साळा,
गणपत

ता. क. दोन दिवस झाले पेटी घेऊन बसलो आहे. भाऊजी, मले चौथी ओळ आठवून नाही राहिली.

ता. क. दुसरा : ती ओळ ऐकणारे आपण तिघंच. ताईला फोन केला, तर तिला चाल काही सांगता येईना. म्हणाली, "अरे, हे रोज पूजेत चौथी ओळ म्हणतात गा, पण मनातल्या मनात." भाऊजी, पाया पडतो. शाल तुम्हीच घ्या. फक्त एकदा तोंडाने म्हणा, मी फोन कानाला धरून बसतो.