टोपी आत, टोक बाहेर

सदर, नागपूर
ता. ४ ऑगस्ट १९४६

ती. गोपिकाताईस धाकट्या मनोहरचा शि. सा. न. वि. वि. इकडं मी ठीक, तिकडची खुशाली वाचाले जीव लागून आहे.

फटफटी घेतली वं ताई. कामठीच्या छावणीत लढाईतून आलेल्या गाड्यांचा लिलाव होता. माही चालते चांगली, फक्त मागचं मडगार्ड नाही. चाकाचा सारा चिखल पाठीवर येते. ऑफिसात हेडक्लार्क म्हणे का म्हशीवर बसून आला का गा. इथल्या दुकानातून एक मडगार्ड आणलं, ते दुसऱ्याच कंपनीच्या गाडीचं निघालं. भोकं जुळत नाहीत, अंगानं अरुंद, चाक दोन्हीकडून घासते अन् रबर जळाचा वास येते. कानस मारमारून भोकं लांबवली तर आता सारं खुळखुळते. दुकानदार म्हणते, चालवत राहा, आपोआप बसते.

पण गाडी घेतली ती बाबांसाठी. डॉक्टर म्हणतात का मोतीबिंदू पिकला, दिवाळीच्या आत काढला नाही तर राहिलेला डोळाही जाईल. लॉरीत त्याहिले ओकारी होते, बैलबंडीत हाडं दुखतात. मागच्या गादीवर बसवून मी तासाभरात दवाखान्यात आणतो. तू त्याहिले राजी कर.

तुही माया अशीच राहो.
मनोहर

खापरखेडा
ता. ११ ऑगस्ट

चि. मनोहरले गोपिकाताईचे अनेक आशीर्वाद.

तुही चिठ्ठी बाबाले वाचून दाखवली. दवाखान्याचं नाव ऐकलं अन् उठून भात्याकडं गेले. म्हणे डोळे नसले तरी लोहाराचे हात पाहतात. काय पाहतात ते मले माहीत आहे. मागच्या महिन्यात त्याहिनं एका बंडीच्या चाकाले चढवलेली लोखंडी धाव चौथ्या दिवशी निघाली. कवडूनं, आपल्याच भट्टीवर शिकलेल्या कवडूनं, ती गुपचूप बसवून दिली अन् बाबाले कळू दिलं नाही.

पण मडगाड म्हणजे काय ते मात्र तीनदा विचारलं. म्हणे दुकानातलं लोखंड कोणाच्याच मापाचं नसते, म्हणून कोणालेच बसत नाही. मी घडवतो. माह्या हातचं असलं तर त्याच्यावर बसून कुठंही येतो, दुसऱ्याच्या लोखंडावर बसत नाही. आता डोळ्याची गोष्ट तुह्या मडगाडावर येऊन अडली आहे. गाडी घेऊन ये.

वेळेवर जेवत जा. आमची आठवण ठेव.
गोपिका

सदर
ता. ९ सप्टेंबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि. हे पत्र बाबांसमोर वाचू नको.

तू पाह्यलंच, त्याहिनं जुन्या पिंपाचा पत्रा चाचपून चाचपून असा गोल काढला का सदरचा मिस्त्री पाहत राह्यला. पण बोल्ट बंडीसारखे बसवले, टोपी बाहेर अन् टोक आत. कोणाचं लुगडं अडकू नये, लेकराले लागू नये, म्हणून बंडीले तसंच असते. बंडीच्या बोल्टामागं लाकूड असते वं, इथं चाक फिरते. अन् चाक-पत्र्यात दोन बोटांची फट ठेवली ती मोकळ्या गाडीवर मोजून. गादी मडगार्डावरच आहे, मागं माणूस बसला का पत्रा खाली दबते.

एकटा फिरलो तवा काहीच झालं नाही. परवा माह्या खोलीत राहणाऱ्या नानाजीले मागं बसवून कोराडीच्या देवीले गेलो. येताना टायर फाटला. बोल्टाच्या टोकानं चिरला होता, वांगं चिरावं तसा. दोघंही पडलो. नानाजीचा हात मोडला. तो म्हणते का देवीनं माहा नवस उलटा ऐकला. मले हसू येत नाही. त्या जागी बाबा बसले असते.

आता मिस्त्रीकडून बोल्ट उलटे करून घेतले, अन् पत्रा दबू नये म्हणून दोन गजांचा आधार दिला. बाबाले सांगू नको. आपलं लोखंड चुकलं हे समजलं तर ते गाडीवर बसणार नाहीत अन् दवाखाना राहून जाईल. ऑक्टोबरची नऊ तारीख मिळाली आहे.

रागावली तरी लोभ कमी करू नको.
मनोहर

खापरखेडा
ता. १६ सप्टेंबर

चि. मनोहरले आशीर्वाद. कार्डावर लिहून राहिली, पोस्टमन वाचते, म्हणून थोडक्यात.

सांगत नाही. पण या घरात बाकी कशाबद्दलही खोटं बोललं गेलं असेल, लोखंडाबद्दल कधी नाही. बाबा रोज विचारतात, मडगाड कसं चालून राहिलं. मी म्हणते, झकास. मग मले भाकर जात नाही.

रविवारी येशील तवा गाडी अंगणात आणू नको, चिंचेखाली ठेव. नानाजीले डिंकाचे लाडू देते.
गोपिका

खापरखेडा
ता. २५ सप्टेंबर

चि. मनोहर यास बाबाचे आशीर्वाद. हात गोपिकेचा आहे, बोलणं माहं आहे. तिले सांगितलं का एक अक्षर गाळाचं नाही.

तू गाडी इतकी लांब काहून ठेवली ते मले समजेना. तू भाकर खात होता तवा काठी घेऊन चिंचेखाली गेलो. मडगाडावरून हात फिरवला. बोल्टाचं टोक लागलं. आत बोटं घातली तर टोप्या गुळगुळीत. दोन गज लागले, ते माहे नव्हते. टायरही नवा, रबराची बारीक केसं तशीच होती. जुना काहून गेला ते तिथंच समजलं. तू गेल्यावर गोपिकेले विचारलं. तिनं नानाजीच्या हाताचं सांगितलं.

चाळीस वर्सं मी टोपी बाहेर ठेवली, माणसाले लागू नये म्हणून. अन् माणूसच पडला. डोळे असते तर चाक पाह्यलं असतं.

(इथं बाबा उठून ऐरणीवर हात फिरवून आले. मी टाक धरून बसून राह्यली. गोपिका)

कवडूनं माही धाव बसवली तेही मले माहीत होतं. त्याच्या घणाचा आवाज मी ओळखतो. तो बोलला नाही, म्हणून मीही बोललो नाही. काल भाता अन् घण त्याले देऊन टाकले. दिसाले लागलं तर मागून घेईन. नाही दिसलं तर त्याचे झाले. ऐरण तेवढी ठेवली.

तू आठ तारखेले ये. गाडी अंगणात आण. बोल्ट त्या मिस्त्रीनं बसवले तसेच राहू दे, ते बरोबर आहेत. नानाजीले सांग, नागपुरात आलो का पहिले त्याच्याकडं येतो, मग दवाखान्यात.

मी गादीवर बसलो का तू खाली वाक. चाकावर बोटं घालून फट मोज अन् मले सांग. दोन बोटं भरली तर निघू.

लोभ आहेच, तो कागदावर मागाचं काय.
महादेव मिस्त्री
(अंगठा)