कासवाच्या अंगणात माकडीण

चिरंजीव धाकटीस, थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद. गुडघ्याची हकीकत सविस्तर कळवावीस. ‘बरा आहे’ एवढे उत्तर ग्राह्य धरले जाणार नाही. इकडे सर्व कुशल (माझी मान वगळता; तिच्याविषयी पुढे).

प्रथम आमच्या चिरंजीवाने फोनवर तुला दिलेल्या वृत्तांताची दुरुस्ती. ‘आत्या, प्राणिसंग्रहालयात बाबांना माकडाने चोपलं आणि कासव चावलं’ या एका वाक्यात तीन चुका आहेत. ते माकड नव्हते, माकडीण होती. तिने मला चोपले नाही. कासवाने चावा घेतला तो माझ्या हिरव्या मोज्याचा, पाला समजून. मोज्यात माझा पाय होता, हा निव्वळ योगायोग.

या म्हाताऱ्या माकडिणीचा जोडीदार हिवाळ्यात गेला. तेव्हापासून ती भिंतीकडे तोंड करून बसे, केळेही सोलत नसे. या वयात दुसरा कळप तिला सामावून घेईना, उलट चावून काढी. म्हणून आमच्या सूनबाईने (ती तेथील डॉक्टर, हे तू जाणतेसच) तिला थोरल्या कासवाच्या अंगणात ठेवण्याचे ठरवले. मी तेथूनच पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालेलो, त्यामुळे कोणी न मागता लेखी हरकत घेतली. माझ्या कारकिर्दीत एका पिंजऱ्यात एकाच जातीचे प्राणी असत. ही त्याला छळणार, तो हिला तुडवणार. आमच्याकडे राहायला येण्याचे नाकारताना तूही असेच म्हणाली होतीस, की आपण दोघे सारखेच तिरसट, एका छपराखाली चार दिवस निभणार नाही. तेव्हा मला ते पटले होते.

सूनबाईने हरकत शेवटपर्यंत वाचली आणि एवढेच म्हणाली, “बाबा, प्रत्येकाला एक जागा अशी हवी, जिथे दुसऱ्याला जाता येत नाही. मग उरलेलं अंगण आपोआप दोघांचं होतं.”

त्यासाठी भिंतीत कमरेच्या उंचीवर एक झरोका पाडला होता. पलीकडे माकडिणीची खोली. झरोका तिलाही अपुरा पडेल, असे माझे मत होते. मत सिद्ध करण्यासाठी मी त्यात डोके घातले. डोके गेले (म्हणजे मत चुकले), परंतु परतीच्या वाटेला कानांनी विरोध केला. गवंड्याला बोलावणे धाडले. तोवर माझे डोके एका परक्या बाईच्या खोलीत आणि उरलेला मी कासवाच्या ताब्यात, अशी विभागणी झाली.

ती आरडाओरडा करील, असे मला वाटले होते. तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिले, मग जवळ येऊन बसली आणि माझे उरलेसुरले केस बोटांनी विंचरू लागली. सावकाश, एकेक बाजूला करून. तुझी वहिनी गेल्यापासून माझ्या डोक्याला न्हाव्याखेरीज कोणाचा हात लागला नव्हता. मी तिला हटकले नाही. गवंडी आला, तो जरा लवकरच आला.

आता सकाळी ती कासवाच्या पाठीवर उन्हाला बसते. तो मान लांबवतो, ती खाजवते. भांडणे होतात, नाही असे नाही. भोपळ्यावरून तर हटकून. मग ती आपल्या खोलीत जाते, तो आपल्या पाठीखाली जातो. ऊन कलले की दोघेही बाहेर येतात.

तुझा,
दादा

ता. क. : मागची खोली मी रिकामी करून घेतली आहे. दाराला नवी कडी बसवली, ती आतून, बाहेरून नाही. माझा राग आला की तिथे जावे. मी डोके घालणार नाही (अनुभव आहे).

पुन्हा ता. क. : चिरंजीवाने चुकवलेल्या तारखा पुढीलप्रमाणे वाचाव्यात.
माकडिणीचा जोडीदार गेला : नऊ जानेवारी. फेब्रुवारी नव्हे.
माझे डोके अडकले : एकतीस मार्च. ‘एक एप्रिल’ हा त्याचा आगाऊपणा.
दोघांनी प्रथम एकाच भोपळ्यातून खाल्ले : दोन मे. हे त्याने तुला सांगितलेच नाही.
तू इकडे येणार : ‘अजून काही ठरलं नाही’ हे चूक. पाच जून. ही तारीख दुरुस्त करण्याचा अधिकार केवळ तुला आहे. मात्र अलीकडे ओढावी, पुढे ढकलू नये.