कॉटखालचे सहा टायर

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
दुपारी दोन, दुकानातून

प्रिय मुंगी,

कशी आहेस? सर्दी गेली का? मी मजेत. आई बरी आहे, तुझी चौकशी करत असते. बाबा अजून माझ्याशी फक्त पंख्याबद्दल बोलतात, 'लाव' आणि 'बंद कर'. कॉलेज सोडलं तेव्हा तेवढंही बोलत नव्हते, म्हणजे प्रगती आहे.

तुझं पत्र काल जीपवाल्या काकांनी दिलं. औषधांची खोकी भरून काका आज चारला वर डोंगरात निघतील, त्यांच्याच हातात हे द्यायचं आहे. वर फोन लागत नाही, आणि लागला असता तरी हे मला फोनवर जमलं नसतं. मी पुटपुटलो असतो आणि तू "नीट बोल रे" म्हणून ठेवून दिला असतास.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तू लिहिलंस, "आरोग्य केंद्रातल्या आम्हा बारा जणींना सायकली मंजूर झाल्या. कुठल्या घ्यायच्या ते मी सुचवायचं, कारण वर्षभर सायकलवरून वस्त्यांवर लस घेऊन जाणारी मी एकटीच. तुझ्या शब्दावर सव्वीस इंची चाकं लिहिली आहेत. सोमवारी साहेब सही करतील. बरोबर आहे ना?"

नाही. बरोबर नाही. सव्वीस खोड, एकोणतीस लिही.

एवढंच वाचून पत्र मिटलंस तर माझ्यावर उपकार होतील. पण साहेब विचारणारच, "सिस्टर, परवा सव्वीस होतं, आज एकोणतीस कसं?" तुझी नोकरी अजून कायम झालेली नाही. तुझ्याकडे उत्तर हवं. म्हणून पुढचं लिहितोय.

एके काळी डोंगरात चालवायची प्रत्येक सायकल सव्वीसची असायची. मग साडेसत्तावीस आलं, एकोणतीस आलं आणि कंपन्या तिकडे सरकल्या. सव्वीसचा साधा टायर अजून कुठेही मिळेल, पण तो सपाट रस्त्याचा. तुमच्या दगडांच्या वाटेला लागतो तो जाड, खोल नक्षीचा टायर, दणकट रिम, पुढचा शॉकअप, हे सगळं त्या मापात दिवसेंदिवस दुर्मीळ होत चाललंय. साडेसत्तावीस वाईट नाही, पण ते अजून किती वर्षं टिकेल यावर मी पैज लावणार नाही. एकोणतीसचं सामान आज सगळ्यांत जास्त बनतं आणि पुढेही बनेल. बाराही जणींना एकच माप घ्या, म्हणजे एकीची ट्यूब दुसरीला चालेल. आणि उंचीची काळजी करू नकोस. बुटक्या माणसानं लहान फ्रेम मागायची, चाक लहान नाही. प्रत्यक्ष बसून, पाय टेकतात का ते बघूनच घ्या.

आता तू म्हणशील, मग गेल्या वर्षी मला "मुंगीला एवढी मोठी चाकं कशाला?" असं का म्हणालास?

तेव्हा मला नीट माहीत नव्हतं गं. मी दुकानात नवीन होतो.

वरची ओळ खोटी आहे. खोडत नाही, कारण मी खोडलेलं तू उजेडात धरून वाचतेस. थांब, आधी आज सकाळचं सांगतो, मग त्या ओळीकडे येतो.

बारा सायकलींची बातमी मी काल फुशारकीनं मालकांना सांगितली होती. आज सकाळी मालक इतके खूश, की मला चहा त्यांनी स्वतः ओतून दिला. "इंजिनिअर," (कॉलेज अर्धवट सोडलं म्हणून ते मला हेच म्हणतात) "आयुष्यात पहिल्यांदा कामाचं काहीतरी केलंस. गोडाऊनमध्ये सव्वीसच्या पंधरा पडल्यात. बारा पुसून ठेव."

पुसायला बसलो. पहिली सायकल पुसली, दुसरी पुसली. तिसरीची तर पुढच्या चाकाची आऊटसुद्धा काढली, तारा एकसारख्या ताणून. ते चाक हातात गरगर फिरत होतं आणि माझ्या डोळ्यांसमोर तुमच्या बारा जणी आल्या. तू सांगतेस त्या. ती बोलघेवडी, ती सहा महिन्यांची पोर घरी ठेवून येणारी, ती निवृत्तीला आलेली मोठी सिस्टर. दोन वर्षांनी यातल्या एकीचा टायर उतारावर फाटेल, ती खोका डोक्यावर घेऊन चालत जाईल, लस गरम होईल. आणि सगळ्या तुझ्याकडे बघतील. सायकल तू सुचवली होतीस ना.

फडकं फेकलं आणि मालकांसमोर जाऊन उभा राहिलो. "या सायकली वर पाठवायच्या नाहीत. माप बंद होतंय."

"बंद होतंय म्हणजे? चाक गोल आहे ना?"

"गोल आहे."

"मग फिरेल की."

"मालक, मागच्या वर्षी तुमच्यासमोर कंपनीचा माणूस सांगून गेलाय. पुढचं सामान येणार नाही म्हणून."

"ते तुला आज आठवलं? त्या पोरीला सायकल दिलीस तेव्हा कुठं होती अक्कल?"

माझं डोकं किती लवकर तापतं ते तू पाहिलं आहेस. सरांच्या टेबलावर जर्नल आपटून मी वर्गातून निघालो तेव्हा तू नर्सिंग कॉलेजच्या पायऱ्यांवरच बसली होतीस. पण आज मी काउंटरवरचा पाना उचलून हळूच जागेवर लावला. मालकांनी नेमका तोच प्रश्न विचारला होता, ज्यापासून मी वर्षभर पळतोय. ते म्हणाले, "सोमवारी सायकली गेल्या नाहीत तर मंगळवारी तू येऊ नकोस," आणि जेवायला निघून गेले. मी अर्ध्या शटरखाली बसून हे लिहितोय.

तर ती खोटी ओळ.

कंपनीचा माणूस येऊन गेला तो मंगळवार होता. तू सायकल बघायला आलीस बुधवारी. मला सगळं माहीत होतं. तुझ्या कागदावर तुमच्या केंद्रातल्या डॉक्टरांच्या अक्षरात '२९' लिहिलेलं होतं. तू तीन वर्षांसाठी वर जाणार होतीस आणि प्रत्येक वाक्यात डॉक्टर म्हणाले, डॉक्टर म्हणाले. मी म्हणालो, "त्यांना सांग, तुम्ही नाडी बघा, चाकं मी बघतो." तू खूप हसलीस. जाताना पुन्हा विचारलंस, "नक्की ना? सामान मिळेल ना पुढे?" मी म्हणालो, "मी आहे ना."

डॉक्टरांचं बरोबर होतं. हे लिहिताना दात दुखतायत, पण होतं.

त्याच संध्याकाळी मी दुकानातले चांगले सहा टायर घरी नेले आणि कॉटखाली ठेवले. तू वर्षाला दोन फाडशील, तीन वर्षं पुरतील, असा हिशोब. दुसऱ्या कुठल्याही दुकानात तुला तसा टायर मिळाला नसता. प्रत्येक वेळी तुला मलाच पत्र लिहावं लागलं असतं. मुंगी, मी तुझ्यासाठी चाक निवडलंच नव्हतं. तू दूर जाऊ नयेस म्हणून दोरी बांधली होती, तीही चढावर एकटीनं फिरणाऱ्या माणसाच्या चाकाला.

ऑगस्टमध्ये तुझा पुढचा टायर फाटला, तू चार तास चालत आलीस, आणि ज्या वस्तीवर तू निघाली होतीस तिथली बाई तपासणीची वाट बघून शेतावर निघून गेली. मी दोन दिवसांत नवा टायर पाठवला. तू लिहिलंस, "खाली तुझ्यासारखा माणूस आहे म्हणून मी वर बिनधास्त फिरते." ती ओळ मी किती वेळा वाचली ते सांगत नाही. वाचताना मला आनंद व्हायचा. तुझ्या चार तासांचा विचार मनात आला नाही, हे आज फडकं हातात असताना लक्षात आलं.

मी तुझ्यावर प्रेम करतो हे तुला कधीच कळलं असेल, तू मूर्ख नाहीस. पण त्या प्रेमानं मी काय केलं ते तुला माहीत नव्हतं. ते आता कळलं.

मघाशी घरी जाऊन आलो. उरलेले पाचही टायर जीपमध्ये टाकलेत, ट्यूबांसकट. त्यांच्यावर तुझी ही सायकल धकेल. टायर बदलायचा कसा ते शेवटच्या पानामागे चित्र काढून लिहिलंय, त्यामुळे मला विचारायला लागणार नाही. नव्या बारा सायकली आमच्या दुकानातून घेऊ नकोस. दुसरीकडून घे, आणि घेताना डॉक्टरांना बरोबर ने.

काकांनी दोनदा हॉर्न वाजवला. मालक समोरून दात कोरत येतायत. त्यांना काय सांगायचं ते ठरवलंय, या वेळी काही न आपटता.

याच्यासोबत एक वेगळा कागद जोडलाय. हे पत्र फाडलंस तरी चालेल, तो कागद मात्र साहेबांच्या फाईलला लाव. लाजू नकोस, त्यात लाज माझी आहे.

सांभाळून उतर.

*

आरोग्य केंद्राचे साहेब यांस,

लिहून देतो की, गेल्या वर्षी सिस्टरना सव्वीस इंची चाकांची सायकल मी सुचवली. त्या मापाचं चांगलं सामान बंद होत आहे हे मला तेव्हा माहीत होतं. सिस्टरना माहीत नव्हतं. त्यांनी मला दोनदा विचारलं, दोन्ही वेळा मी खोटं बोललो. त्यांनी आपल्या कागदावर सव्वीस लिहिलं ते माझ्या शब्दावर विश्वास ठेवून. यात त्यांची काहीही चूक नाही.

कारण : त्यांनी सारखं माझ्याकडे यावं, असं मला वाटत होतं.

लिहून देणार,
सायकल कारागीर
शिक्षण : अर्धवट