नववा खर्डा

मारतहळ्ळी, बेंगळुरू
४ जून २०२५

ती. कावेरीआत्यास सा. न. वि. वि.

सोबत माझ्या इंग्रजी सीव्हीचा नववा खर्डा आणि पत्त्यासकट अर्ज. आठव्यात तू तीनच चुका काढल्यास, म्हणजे चौथी नक्की राहून गेली असणार, या विचाराने मला झोप नाही. मल्लेश्वरमच्या त्या पाठ्यपुस्तकवाल्यांना मुद्रितशोधक हवी आहे. अर्ज कागदावरच, १५ तारखेच्या आत पोचायला हवा. चुका शोधणारीच्याच सीव्हीत चूक निघाली तर काय तोंड दाखवू?

माझ्यासोबत राहणारी संहिता म्हणते, एवढ्या वेळात तिने एक नोकरी धरून सोडलीही. आणि बाबांनी बजावलंय, जूनअखेर नोकरी नसेल तर निपाणीला परत.

शिक्षणात 'चौथीपर्यंत घरी, आत्याकडे' असं खरं तेच लिहिलंय. बरं दिसतं का? तपासून लगेच परत पाठव.

तुझ्या लाल शाईवर भिस्त ठेवून असलेली,
आसावरी

निपाणी
९ जून २०२५

चि. आसावरीस अनेक आशीर्वाद.

खर्डा तपासला. परत मात्र पाठवत नाही. दहावा लिहायची सोय नको. लहानपणी ओट्याशी बसून गिरवताना एक काना वाकडा झाला की तू अख्खी पाटी पुसायचीस, आणि मी कौतुक करायचे. तेव्हाच कान धरायला हवा होता.

तुझ्या बापाने तुझी खोली झाडायला काढलीय. मी म्हटलं, तिथे कांदे पसर, ती काही येत नाही. आजच पोस्टात जाऊन आले. स्पीड पोस्ट तिसऱ्या दिवशी बेंगळुरूत पोचतं म्हणे. तू एखादा बरा ड्रेस इस्त्री करून ठेव. का, ते विचारू नकोस.

लोभ आहेच, धीर तेवढा वाढव.
तुझी,
कावेरीआत्या

मारतहळ्ळी, बेंगळुरू
२६ जून २०२५

ती. कावेरीआत्यास सा. न. वि. वि.

मल्लेश्वरमहून शिवलीला मॅडमचा फोन आला, तेव्हा मी अर्ज केलेलाच नाही म्हणून त्यांच्याशी वाद घातला. भेटायला गेले तर टेबलावर माझा नववा खर्डा, तुझ्या शाईने तांबडा झालेला. मॅडम मूळच्या अथणीच्या, मराठी घरच्यासारखी वाचतात. 'चौथीपर्यंत घरी' शेजारी तू लिहिलंयस, 'हे राहू दे, शाळेला कळू दे तिने काय गमावलं.' आणि तळाशी, 'चुका दोन. गुण दहापैकी नऊ; एक भित्रेपणाचा कापला.' हे त्यांनी सगळ्या ऑफिसला वाचून दाखवलं. मला टेबलाखाली शिरावंसं वाटलं.

मग त्यांनी एक पान पुढे सरकवून चुका काढायला सांगितल्या. मी चौदा काढल्या. त्यांनी मुद्दाम घातलेल्या बाराच होत्या. उरलेल्या दोन त्यांच्या स्वतःच्या. त्या दोन्ही दुरुस्त करून त्या म्हणाल्या, "सरी, ठीक आहे, सोमवारपासून या."

बाबांना सांग, कांदे राहू देत.

तुझं मागचं पत्र तपासून सोबत परत पाठवतेय. चूक एकही नाही. गुण दहापैकी साडेनऊ; अर्धा लबाडीचा कापला.

हे पत्र मात्र पुन्हा न वाचताच पाकिटात घालतेय. जे काही सापडेल, त्याच्यासकट लोभ असू दे.

तुझीच,
आसावरी